शहाबादी फरशी आणि शिशाचा पांढरा दगड

त्सुमेब, नामिबिया
१४ ऑक्टोबर

ती. आईस,
शि. सा. न.

फोनवर तू विचारलंस, "तिथं दिवसभर करून काय राहिला?" तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितो.

लहानपणी मी न्हाणीत ॲसिड सांडलं होतं, आठवतं? शहाबादी फरशीवर फसफस फेस उठला आणि तू ओरडलीस, "काय करून ठेवलं रे पोट्ट्या!" इथल्या डोंगराच्या पोटात तेच झालंय, फक्त फार सावकाश.

इथली मोठी खाण १९९६ साली बंद पडली. खडक डोलोमाइटचा, आपल्या फरशीचाच भाऊबंद. त्यातलं शिसं मुळात गंधकाशी बांधलेलं, त्याला गॅलेना म्हणतात. पावसाचं पाणी भेगांतून हवा घेऊन उतरलं की गंधकाचं सल्फेट होतं आणि गॅलेनावर अँग्लेसाइटची, म्हणजे शिशाच्या सल्फेटची, साय धरते. सोबत पायराइट, म्हणजे लोखंड-गंधकाचं खनिज, असलं तर ॲसिडही सुटतं. पण डोलोमाइट ते ॲसिड मारून टाकतो, पाण्यात बायकार्बोनेट वाढतं, मग शिसं सल्फेटला सोडून कार्बोनेटला धरतं. हेच सेरुसाइट.

सोबतच्या जस्ताचं सल्फेट पाण्यात विरघळून लांब निघून जातं. शिसं मात्र नागपूरच्या महालातल्या मामासारखं. वाडा मोडकळीला आला तरी हलायचं नाव नाही. म्हणून गॅलेना होतं तिथंच सेरुसाइट सापडतं. पाणी इथं इतकं मुरलंय, की वरचा बदललेला थर संपल्यावर शेकडो मीटर खाली पुन्हा तसाच दुसरा पट्टा लागला होता.

काल एक दगड कापला. मधोमध गॅलेनाची करडी चकाकी, भोवती अँग्लेसाइटचं काळपट कडं, बाहेर पांढरं सेरुसाइट. मी अर्धा तास नुसता बघत बसलो. त्याचे स्फटिक कधीकधी चांदणीसारखे जुळे येतात, हिऱ्यासारखे चमकतात, उचलले की दचकायला होतं इतके जड. आणि नाजूक किती? हाताच्या उबेनंही तडकू शकतात.

बाबांना मनसरच्या खाणीतलं काळं मँगनीज पाहायची सवय, त्यांना हे खोटंच वाटेल. फोटो पाठवतो.

शिसं म्हणून काळजी करू नकोस, हात धुतल्याशिवाय चहासुद्धा घेत नाही. दिवाळीला येणं जमत नाही. चिवडा पाठवू नको, इथं पोचेस्तोवर सादळतो.

तुझा,
धाकटा