मेडिकलवाल्या काकांना, मनापासून थँक्यू

काका, त्या दिवशी मी तुमच्यावर किती चिडलेले, घरी येऊन आईला म्हटलं पण की स्वतःला डॉक्टर समजतात.

झालेलं असं, की मला कोड आहे. मागच्या वर्षी डाग भराभर पसरायला लागले म्हणून स्किनच्या डॉक्टरांनी बीटामेथासोन नावाचं स्टिरॉइड दिलेलं, अर्ध्या मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या, आठवड्यात फक्त दोन दिवस, शनिवार-रविवार, नाश्ता झाल्यावर. पसरणं थांबलं आणि मी तिकडे जायचंच सोडलं. मग ओठाच्या कडेला नवीन ठिपका दिसला, घरात लग्नाचं बघणं चालू, मी घाबरून स्वतःच रोज चार गोळ्या सुरू केल्या, जुनीच चिठ्ठी दाखवून कधी या दुकानातून कधी त्या.

दोन महिन्यांत चेहरा असा गोल झाला की चष्म्याच्या काड्या कानशिलावर रुतायच्या. नातेवाईक म्हणायचे तब्येत सुधारली! रात्री दोनला उठून शिळी पोळी आणि गूळ खायचे, झोप नाही, पाठभर पुरळ, पाळी पुढे गेलेली, तरी मला वाटलं टेन्शनमुळे असेल.

तुम्ही स्ट्रिप कापायला कात्री घेतली, चिठ्ठीवरची तारीख बघितली, मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि कात्री खाली ठेवली. "रोज खातेस का गं?" एवढंच विचारलंत. गोळ्या दिल्या नाहीत, पण एकदम बंदही करू नको म्हणालात, आजच डॉक्टरकडे जा. मला हे माहीतच नव्हतं. डॉक्टरांनी नंतर समजावलं, रोज बाहेरून स्टिरॉइड मिळालं की किडनीवरच्या ग्रंथी स्वतःचं बनवणं कमी करतात, अचानक तोडलं तर बीपी पडून माणूस आडवा होऊ शकतो. नाहीतर तुमच्यावरच्या रागात मी त्याच रात्री सगळं फेकलं असतं, खरंच.

शुगर वाढलेली निघाली, बीपी पण. डोळे तपासले, ते ठीक. डोस हळूहळू उतरवत आणला, आता गोळ्या बंद, आठवड्यातून दोनदा डागांवर लाइट (अतिनील किरणांचा उपचार) घेते आणि टॅक्रोलिमसचं मलम लावते. ठिपका आहे तिथेच आहे, वाढत नाहीये. चष्मा पुन्हा नीट बसतो.

शनिवारी येतेय दुकानात. आईने बेसनाचे लाडू दिलेत, चार वेगळे बांधलेत कमी साखरेचे, कारण त्या दिवशी मला ओरडता ओरडता तुम्ही स्वतःची शुगर पण सांगून टाकलेली.