फ्रॅपेवाली माणसं शोधत होतो तेव्हा भेटलेल्या ताईंना

आदरणीय ताई,

नाव घालू नका म्हणालात, म्हणून नुसतंच ताई. लातूर-मुंबई एक्स्प्रेसमध्ये समोरच्या बर्थवर बसून फोनवर आरडाओरडा करणारा माणूस मीच. बार्शीपर्यंत तुम्ही ऐकून घेतलंत आणि मग शांतपणे विचारलंत, "मूळ कोडमध्येच हात घातला का हो त्यानं?"

तेच झालं होतं. लातुरात दालमिल आणि आडत दुकानांचं सॉफ्टवेअर करायचं आमचं छोटं ऑफिस. सगळं काम फ्रॅपे या सॉफ्टवेअर बांधायच्या तयार फ्रेमवर्कवर. मुंबईत तयार झालेलं, ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा हिशोब-कारभार सांभाळायचं सॉफ्टवेअर ज्याच्यावर उभं आहे तेच. सोर्स खुला, लायसन्सचा खर्च नाही, म्हणून धरलं. पण माणसं? 'फ्रॅपेचा तीन वर्षांचा अनुभव हवा' अशी जाहिरात दिली, तर एका पोरानं फोन करून विचारलं, कॉफीचं दुकान कुठं काढताय! शेवटी बायोडाटात तीन वर्षं लिहिलेला एक जण मिळाला. त्यानं वेगळं ॲप करायचं सोडून ईआरपीनेक्स्टच्या फायलीच बदलल्या. अपडेटच्या दिवशी बेंच, म्हणजे फ्रॅपे अपडेट करायचं साधन, अडून बसलं, पठ्ठ्यानं रिसेट मारून फायली मूळ रूपात नेल्या आणि हमाली, तोलाई, आडत लावायचा आमचा सगळा कोड गेला. बॅकअप डेटाचा होता, कोडचा नव्हता. तेही सोयाबीनची आवक जोरात असताना. (बॅकअपची चूक माझी, हे त्या रात्री फोनवर मी कबूल केलं नव्हतं.)

तुम्ही पहिलं सांगितलंत, जाहिरातीतून फ्रॅपेचं नावच काढा. पायथन येतं का, जावास्क्रिप्ट वाचता येतं का, एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत दोन टेबलं जोडता येतात का, एवढंच बघा. बाकीचं दोन महिन्यांत शिकवता येतं. आणि पाठ केलेलं तसंही टिकत नाही: फ्रॅपेची आवृत्ती 13 आली 2021 मध्ये, 14 आली 2022 मध्ये, 15 आली 2023 मध्ये. मला पटलं नव्हतं, खरं सांगतो. आमच्याकडं 'लातूर पॅटर्न'चं वारं. मार्क आणि वर्षं मोजायची सवय हाडात मुरलेली.

मग तुम्ही माझ्याच खिशातली मोंढ्यातली एक पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला विकलेल्या मालाच्या हिशोबाची मिळते ती पावती, मागून घेतलीत. म्हणालात, मुलाखतीत हीच पुढं ठेवा आणि विचारा, याचा डॉकटाइप कसा कराल? डॉकटाइप (एखाद्या कागदाचे रकाने ठरवायचा फ्रॅपेतला साचा) हा शब्द माहीत नसला तर कागदावर रकाने काढायला सांगा.

सात जणांसमोर ठेवली. बहुतेकांनी वजन, भाव, रक्कम असे रकाने ओळीनं काढले. हमाली, तोलाई या कपातींचं वेगळं छोटं टेबल हवं, हे दोघांना सुचलं. मग तुमचा दुसरा प्रश्न: पट्टी दिल्यावर चूक सापडली तर? "एडिटचं बटण देऊ," सगळ्यांचं उत्तर. एकटी औशाकडची मुलगी म्हणाली, "नाही सर, खोडाखोड नाही चालत. जुनी रद्द करायची, ठेवायची, आणि नवी फाडायची. पप्पा मुनीम आहेत."

ताई, मी खुर्चीवरून उठलोच. फ्रॅपेत सबमिट केलेला कागद तसा बदलता येत नाही. तो कॅन्सल करायचा आणि अमेंड करून नवा काढायचा, जुना नंबर शेवटी वजा एक लावून पुढं चालतो. हे मला कळायला वर्ष गेलं होतं. त्या लेकरानं फ्रॅपेचं नावही ऐकलं नव्हतं.

तिला घेतलं, कपातींचं टेबल सुचलेल्या दोघांतल्या एकाला घेतलं. पुढचे नऊ रविवार तुम्ही व्हिडिओवर त्यांचा कोड ओळ न् ओळ वाचलात. हुक्स, म्हणजे मूळ कोडला हात न लावता आपला कोड जोडायच्या जागा, कशासाठी, क्लायंट स्क्रिप्टमध्ये, म्हणजे ब्राउझरात चालणाऱ्या कोडमध्ये, केलेली तपासणी सर्व्हरवर पुन्हा का करायची, हे सांगताना तुमचा आवाज एकदाही चढला नाही. माझ्यावर मात्र चढला. मी म्हणलं होतं, शिकून पुण्याला पळतील, मूळ मार्कशीट ठेवून घेतो. "कागद अडवून माणूस टिकत नाही, पगार वाढवा आणि केलेलं लिहून ठेवायला लावा," म्हणालात. गाडीत असतो तर दौंडला उतरून गेला असतात.

फीचं विचारलं तर तुम्ही विषय बदललात. म्हणून हे सगळ्यांसमोर: मनापासून आभार.

गेल्या आठवड्यात तिनं पुण्याच्या मुलाखतीसाठी दोन दिवस सुट्टी मागितली. दिली. मार्कशीट तिच्याजवळच आहे. जाताना तिनं सगळ्या डॉकटाइपची वही टेबलावर ठेवली. पहिल्या पानावर तुमच्या हातात होती तीच पट्टी चिकटवलीय.

तुमचा,
बर्थवरचा ओरडणारा