बांद्याच्या मित्रास, लिस्बनहून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं तिकीट निघाल्याचं वाचलं आणि लगेच स्वयंपाकघरात जाऊन लेकीला सांगून आलो. तीन दिवसांत काय काय पाहायचं, असं विचारलंयस. किल्ला, नदीकाठचा मनोरा, पिवळी ट्राम हे सगळं होईल, त्याची काळजी करू नकोस. पहिला दिवस मात्र मला दे. त्या दिवशी फक्त चौक बघायचे आणि तेही पायी. गेल्या दोन महिन्यांत मी या वाटेने पंधरा-वीस वेळा गेलो असेन, आणि दर वेळी मला तुझे अण्णा आठवले.

सुरुवात नदीकाठच्या चौकापासून करू. नकाशावर त्याचं नाव 'प्रासा दू कोमेर्सिऊ', म्हणजे व्यापार चौक. इथले लोक मात्र अजून 'तेरेइरू दू पासू' म्हणतात, राजवाड्याचं पटांगण. राजवाडा १७५५ सालीच गेला, नाव तेवढं उरलं. तीन बाजूंना पिवळ्या कमानींच्या इमारती आणि चौथी बाजू उघडी, थेट तेजू नदीवर. नदी म्हणायची खरी, पण पात्र असं रुंद की पहिल्या दिवशी मला आपली खाडीच वाटली. दोन दगडी खांबांमधून पायऱ्या पाण्यात उतरतात आणि भरती आली की पाणी त्यांच्यावर चढतं. संध्याकाळी तिथे बसू.

याच पटांगणाला लागून 'कासा दा इंडिया' होतं, आपल्याकडच्या मिरीचा आणि मसाल्याचा हिशोब ठेवणारं राजाचं कार्यालय. आणि इथेच एका गेंड्याची गोष्ट घडली. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्कला दिलेला हा गेंडा गोव्यात आला, तिथून पोर्तुगालचा राजा मानुएलकडे रवाना झाला आणि मे १५१५ मध्ये लिस्बनला उतरला. रोमनांच्या काळानंतर युरोपात कुणी जिवंत गेंडा पाहिला नव्हता. राजाने ३ जूनला वाड्याजवळच्या अंगणात त्याची हत्तीशी झुंज लावली. हत्ती बिचकून पळाला. गेंड्याला इथे नावही आपलंच मिळालं, त्याला 'गंडा' म्हणत. ड्यूरर या जर्मन चित्रकाराने त्याला डोळ्यांनी न पाहता, नुसत्या वर्णनावरून आणि एका रेखाटनावरून त्याचं चित्र काढलं, आणि ते सगळ्या युरोपभर गेलं. तो बिचारा मात्र पुढच्याच वर्षी पोपला भेट म्हणून जाताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासकट बुडाला. मला त्या मुक्या जनावराचं फार वाईट वाटतं. चौकाच्या मधोमध राजा जुझेचा घोड्यावरचा पुतळा आहे, १७७५ सालचा. त्याच्या चौथऱ्यावर बाजूला एक दगडी हत्ती आहे, तो नीट बघ.

१ नोव्हेंबर १७५५ ला ख्रिश्चनांचा सर्व संतांचा सण होता. सकाळी लोक चर्चमध्ये, सगळीकडे मेणबत्त्या पेटलेल्या, आणि भूकंप झाला. भिंती अंगावर येतील म्हणून माणसं धावत नदीकाठच्या मोकळ्या जागेत आली, आणि थोड्या वेळाने समुद्राची लाट नदीतून वर आली. उरलेलं शहर पुढे कित्येक दिवस जळत होतं. वाडा गेला, त्यातला ग्रंथसंग्रह गेला. मग राजाचा मंत्री पोंबाल याने शहर नव्याने आखलं. सरळ रस्ते केले आणि भिंतींच्या आत लाकडी चौकटींचे पिंजरे बसवले, म्हणजे धक्का बसला तर घर हलेल पण पडणार नाही. पुतळ्यामागच्या मोठ्या कमानीतून आत शिरलं की तीच आखीव पेठ लागते. ती सरळ पार करू, दुकानांत रेंगाळायचं नाही.

पेठ संपते तिथे रोसिऊ चौक. पायाखाली काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा आहेत, त्यांच्याकडे पाहत चाललं की खरंच किंचित गरगरतं. उत्तरेला खांबांचं देखणं नाट्यगृह दिसेल, १८४६ सालचं. त्या जागी पूर्वी इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा वाडा होता. गोव्यात १५६० साली आलेलं इन्क्विझिशन याच व्यवस्थेची शाखा. नाट्यगृहाच्या कडेने आत गेलं की साओ दोमिंगोसचा छोटा चौक लागतो. १५०६ च्या एप्रिलमध्ये इथून दंगल पेटली आणि बळाने ख्रिस्ती केलेल्या हजारो ज्यूंना ठार मारलं. तिथे आता एक दगड उभारलाय, त्यावर षट्कोनी तारा आहे. समोरच्या चर्चमध्ये नक्की जा. १९५९ च्या आगीत तडकलेले खांब तसेच ठेवले आहेत.

त्या दगडापाशी उभं राहिलं की मला गार्सिया द ओर्ता आठवतो. हा वैद्य त्याच बाटवलेल्या ज्यूंच्या घरातला. तो गोव्यात येऊन राहिला, आपल्या झाडपाल्यावर त्याने १५६३ साली गोव्यात पुस्तक छापलं, आणि मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे खंडाने होतं. तो १५६८ साली गेला. दुसऱ्या वर्षी गोव्यात त्याच्या बहिणीला जाळलं आणि १५८० साली त्याची हाडं उकरून तीही जाळली. मेलेल्या वैद्याच्या हाडांशी वैर धरणारी माणसं कशी असतील, हे मला अजून उमगलेलं नाही.

आता चढ. रोसिऊवरून पायऱ्यांची वाट वर कार्मूच्या चौकात जाते. सावकाश चढू, तुझ्या गुडघ्यांचं मला माहीत आहे. चौक लहानसा, जांभळ्या जॅकरंडाच्या सावलीतला, आणि शेजारी भूकंपात छप्पर कोसळलेलं चर्च, वर नुसतं आभाळ. याच चौकात २५ एप्रिल १९७४ ला पोर्तुगालची हुकूमशाही संपली. साल्गेइरू माया नावाचा एकोणतीस वर्षांचा कॅप्टन पहाटे चिलखती गाड्या घेऊन नदीकाठच्या त्या पटांगणात आला. त्याच्यावर गोळ्या झाडायचा हुकूम सुटला, पण समोरच्या सैनिकांनी तो मानला नाही. मग तो वर आला, रोसिऊवरून. म्हणजे आपण चालणार ती त्याचीच वाट. पंतप्रधान काएतानू या चौकातल्या बराकीत लपले होते, संध्याकाळी ते शरण आले. खाली एका सैनिकाने खानावळीत काम करणाऱ्या बाईकडे सिगारेट मागितली. तिच्याकडे ती नव्हती, म्हणून तिने हातातलं कार्नेशनचं फूल दिलं, आणि त्याने ते बंदुकीत खोवलं. फुलांची क्रांती म्हणतात खरी, पण त्या दिवशी गुप्त पोलिसांनी चार माणसं मारली.

त्याच वर्षी ३१ डिसेंबरला पोर्तुगालने करार करून गोवा भारताचा असल्याचं मान्य केलं. तेव्हा आपले परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण होते. गोवा मोकळा झाला १९६१ साली, इथल्या सरकारने ते मानलं तेरा वर्षांनी, आणि तेही या चौकातलं सरकार पडल्यावर.

अण्णा १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीला सत्याग्रहाला गेले होते. सदरा फाटलेला, खांदा सुजलेला, तसेच चालत बांद्याला परत आले. आपण लहानपणी तो खांदा हात लावून पाहायचो, आठवतं? सोबतची किती माणसं परत आली नाहीत, ते ते कधी मोजून सांगत नसत. त्याच वर्षी पकडलेले गोवा मुक्तिलढ्यातले मोहन रानडे मात्र गोवा सुटल्यावरही इथे, लिस्बनजवळच्या काशियाशच्या तुरुंगात होते. १९६९ साली सुटले. बाबूजी फडक्यांनी त्यांच्यासाठी केलेली धडपड तर अण्णांच्याच तोंडून ऐकली आहे आपण. क्रांतीनंतर एक-दोन दिवसांत त्या तुरुंगातले बाकीचे राजकीय कैदी बाहेर आले. नदीकाठच्या लोकलने तिथे जाता येतं. मी अजून गेलो नाही, तुझ्यासाठी थांबलोय.

तेव्हा निघण्याआधी हे पत्र अण्णांना मोठ्याने वाचून दाखव. कानाशी, सावकाश. कार्मूच्या चौकात फरसबंदीत त्या कॅप्टनच्या नावाची एक गोल पाटी आहे. तिथे आपण कार्नेशनचं एक फूल ठेवू, ते अण्णांकडून. त्यांना चालेल ना, तेवढं विचारून ये.

बूट घसरणारे आणू नकोस, इथले दगड पावसात फार निसटतात. कोकमाच्या आगळाची एक बाटली जमली तर आण, लेक रोज आठवण काढते.

तीर्थरूप अण्णांना शिरसाष्टांग नमस्कार. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
शाळेतला बाकसोबती