तुमचे दागिने पोलीस बांधून देत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘पुढे खून झालाय, चेकिंग चालू आहे, एवढं सोनं घालून कुठे निघालात?’ सकाळी फिरायला बाहेर पडलेल्या ज्येष्ठांना दुचाकीवरून आलेले दोघे तोतया पोलीस असे दरडावतात. केस बारीक कापलेले, पायात तपकिरी बूट, ओळखपत्र झटकन उघडून मिटलेले. तेवढ्यात तिसरा एक जण वाटसरू म्हणून येतो, त्यालाही दम मिळतो आणि तो मुकाट्याने गळ्यातली साखळी काढून देतो. हा त्यांचाच साथीदार. समोरच्याची उरलीसुरली शंका घालवणे एवढेच त्याचे काम. मग दागिने कागदात घेतले जातात, ‘थांबा आजी, मी नीट बांधून देतो’ म्हणत पुडीला गाठ बसते आणि ‘घरी गेल्यावरच उघडा’ असे बजावून ती परत मिळते. घरी उघडली की आत खडे. अदलाबदल होते ती गाठ मारण्याच्या चार-पाच सेकंदांत. दागिने सांभाळा असे खरा पोलीस सांगेलही, पण ते स्वतःच्या हातात घेऊन बांधून देणार नाही. घरातल्या वृद्धांना एवढी एकच गोष्ट दहादा सांगितली तरी चालेल.

दुसरा प्रकार तोडपाणीचा. निवांत जागी बसलेली जोडपी, महामार्गावरचे चालक, एकट्याने दुकान सांभाळणारे, असे लोक हेरले जातात, कारण बोभाटा होऊ नये ही त्यांचीच इच्छा असते. येथे वर्दीपेक्षा वाक्य ओळखावे: ‘ठाण्यात नेलं तर घरी फोन जाईल, इथेच मिटवून टाकू.’ तोतयाला सगळीकडे जाता येते, पोलीस ठाण्यात मात्र जाता येत नाही. त्यामुळे त्याला शांतपणे म्हणावे, ‘साहेब, ठाण्यातच चला, जो दंड असेल तो पावतीवर भरतो.’ जायचे ते आपल्या गाडीने किंवा रिक्षाने. त्यांच्या गाडीत बसू नये. मोबाईल, गाडीची चावी आणि पाकीट हातातून सोडू नये. एकदा चावी त्याच्याकडे गेली की सौदा त्याच्या अटींवर होतो.

मग तीन गोष्टी विचाराव्यात: नाव, नेमणूक कोणत्या ठाण्यात, आणि शिपाई-हवालदार असेल तर बक्कल नंबर, म्हणजे त्याचा पोलीस दलातला क्रमांक. पोलिसाला ही उत्तरे तोंडपाठ असतात. तोतया बहुधा ‘क्राइम ब्रँच’ एवढेच सांगतो, कोणते युनिट म्हटले की चिडतो. ओळखपत्र त्याच्या हातात राहू द्यावे, पण नाव वाचून होईपर्यंत थांबावे. त्यावर छापलेल्या किंवा त्याने दिलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करण्यात अर्थ नाही, पलीकडे त्याचाच माणूस असतो. फोन ११२ या आपत्कालीन क्रमांकावरच लावावा आणि त्याच्यासमोर, ऐकू जाईल असे बोलावे: ‘अमुक चौकात उभे आहोत, दोन इसम पोलीस असल्याचं सांगून पैसे मागत आहेत, दुचाकीचा नंबर हा, खात्रीसाठी गाडी पाठवा.’ जागा आधी सांगावी, कारण फोन मध्येच तुटला तरी गाडी निघते. खऱ्या पोलिसाचे या फोनने काहीच बिघडत नाही.

कायदा नागरिकाच्या बाजूने आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० नुसार परवाना दाखवण्याचे बंधन आहे ते गणवेशातील पोलिसाने मागितल्यावर. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ नुसार अटक करणाऱ्याच्या अंगावर त्याचे नाव स्पष्ट दिसले पाहिजे आणि अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीने झाला पाहिजे. घरझडतीला परिसरातले किमान दोन पंच लागतात, चित्रीकरण करावे लागते आणि जप्त मुद्देमालाची यादी घरधन्याला द्यावी लागते. ‘छाप्या’त कपाटातली रोकड मोजून पिशवीत भरली आणि कागदावर काहीच नाही, तर तो छापा नव्हे. महिलेची अंगझडती फक्त महिलाच घेऊ शकते. वाहतुकीचा दंड एखाद्याच्या खासगी यूपीआय क्रमांकावर भरायचा नसतो.

चुका होतात त्या दोन टोकांना. एक तर माणूस गुमान पैसे देतो, नाही तर अंगावर धावून जातो. ओळखपत्र हिसकावणे, कॉलर धरणे, गर्दी जमवून चोप देणे, यातले काही करू नये. समोरचा खरा पोलीस निघाला तर भारतीय न्याय संहितेचे कलम १३२ (सरकारी कर्मचाऱ्यावर हल्ला) आपल्यालाच लागते, आणि तोतया निघाला तर त्याच्याकडे चाकू असू शकतो. निर्जन जागी एकटे असाल, शस्त्र दिसले, तर वाद घालू नका. पैसे द्या, वाहनाचा नंबर आणि निघालेली दिशा लक्षात ठेवा आणि माणसांत पोचताच ११२ लावा.

फोनवरच्या तोतयांचे तंत्र निराळे आहे. व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दी, मागे ठाण्याचा देखावा, आणि कॉल बंद करायचा नाही ही अट, म्हणजे घरातल्या दुसऱ्या कुणाशी बोलणे होऊच नये. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. हजर राहण्याची नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. कॉल बंद करा. पैसे गेलेच असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन, मग बाकी सगळे. यूटीआर (बँकेने व्यवहाराला दिलेला ओळख क्रमांक), रक्कम, वेळ आणि समोरच्याचे खाते किंवा यूपीआय आयडी जवळ ठेवा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता येते, म्हणून मिनिटे मोलाची. लाजेपोटी संभाषण पुसून टाकणारे बरेच जण आहेत. तोच तर पुरावा असतो.

तक्रार देताना एक आग्रह धरावा. पुष्कळदा अशी प्रकरणे नुसत्या फसवणुकीत किंवा चोरीत नोंदली जातात. लोकसेवक असल्याची बतावणी हा १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेच्या कलम २०४ खालचा वेगळा गुन्हा आहे आणि त्याला किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद व दंड आहे; पूर्वीच्या भारतीय दंड संहितेच्या कलम १७० मध्ये किमान शिक्षेची तरतूद नव्हती. धमकावून पैसे उकळले असतील तर खंडणीचे कलम ३०८ ही लागते. ‘ही हद्द आमची नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कोणत्याही ठाण्याला गुन्हा नोंदवावा लागतो आणि त्याची प्रत विनामूल्य द्यावी लागते. त्याच दिवशी आसपासच्या दुकानदारांना व सोसायट्यांना सीसीटीव्हीचे चित्रीकरण जपून ठेवायला लेखी सांगा, कारण जुन्यावर नवे चढून ते आपोआप पुसले जाते.

चौकशीअंती पैसे मागणारा खराच पोलीस निघाला तर? तेव्हा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे. पैसे देण्याआधी कळवले तर सापळा लावता येतो.

पोलीस ठाण्यांकडे एकच मागणी आहे. नाव, नेमणूक विचारणाऱ्या नागरिकावर डाफरणारा कर्मचारी नकळत तोतयांचे काम सोपे करतो. प्रत्येक ठाण्याने हद्दीतील सोसायट्यांच्या सूचना फलकावर ठाणे अंमलदाराचा दूरध्वनी क्रमांक लावावा, आणि साध्या वेशात चौकशीला जाणाऱ्यांनी न विचारता आधी ओळखपत्र दाखवावे, असा लेखी आदेश वरिष्ठांनी काढावा.

आपला विश्वासू,
एक वाचक