सेवाभाव आहे हो, पण रजा कोण देणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परिचारिका दिनाच्या पुरवणीतला परदेशातील रुग्णसेवेवरचा लेख काल वाचला. छान आहे. ‘सेवाभाव असला की मार्ग सापडतो’ हे वाक्य तर चौकटीत छापले आहे. चौकटीबाहेरचे थोडे मी सांगते.

२००१ साली एका परदेशी संस्थेने मुलाखत घेऊन माझी निवड केली. पंधरा वर्षांची सरकारी नोकरी, त्यातली पाच ऑपरेशन थिएटरमध्ये. मागितले काय, तर नऊ महिन्यांची असाधारण रजा, म्हणजे बिनपगारी, आणि ना हरकत प्रमाणपत्र. फाईल तीनदा त्रुटी काढून परत आली. एकदा तर संस्थेचे पत्र मराठीत नाही म्हणून. रात्रपाळी उतरून मी भाषांतर केले, त्यावर शिक्का मारायला पुन्हा त्याच टेबलापुढे उभी. मंजुरी सातव्या महिन्यात आली. जागा केव्हाच भरली होती. साहेब म्हणाले, “सिस्टर, इथं पेशंट कमी आहेत का?” नव्हतेच. साठ खाटांना आम्ही दोघी होतो. म्हणून त्यांचा राग येतो आणि येतही नाही.

लेखात पैशांचा शब्द नाही. युद्ध-आपत्तीत रुग्णसेवा करणारी ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही संस्था पगार आणि तिकीट देते, पण अनुभव मागते. फ्रेंच किंवा अरबी येत असेल तर उत्तम. ‘मर्सी शिप्स’ या संस्थेच्या रुग्णालय-जहाजावर जायचे तर तिकीट आपल्या खिशातून. हा फरक मुलींना कळायला नको?

डॉ. कोटणीसांचा दाखला दिलात. आम्ही सोलापूरकर, आम्हाला अभिमानच आहे. पण १९३८ साली चीनला गेलेल्या त्या पथकात पाच डॉक्टर होते, नर्स एकही नव्हती. परिचारिका दिनालाही आमच्यातली कोणी सापडली नाही?

आणि त्याच पानावर खाली जाहिरात: ‘आफ्रिकेत सेवेची संधी, नोंदणी फक्त पंचवीस हजार’. माझ्या हाताखाली शिकलेल्या दोघींनी काल फोन करून विचारले, “मॅडम, भरू का पैसे?” तुमच्या जाहिरात विभागाला विचारले, तर ‘मजकुराची जबाबदारी आमची नाही’. रविवारी ती पुन्हा दिसली तर दोघींना तुमचाच नंबर देणार आहे.

एक निवृत्त परिसेविका, सोलापूर