क्रीट सहलीतील भोजनव्यवस्थेबाबत तक्रार आणि परताव्याची मागणी

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : 5 ते 11 एप्रिल 2025 या ग्रीसमधील क्रीट बेटाच्या सहलीत कबूल केलेले स्थानिक भोजन न मिळाल्याबाबत

महोदय,

मी, माझे पती आणि 73 वर्षांच्या माझ्या सासूबाई असे आम्ही तिघे आपल्या वरील सहलीत सहभागी झालो होतो. हॉटेल, बस आणि क्नोसोसच्या प्राचीन राजवाड्याची भेट यांविषयी माझे काहीही म्हणणे नाही. तक्रार जेवणाची आहे आणि ती मी किरकोळ मानत नाही, कारण आम्ही ही सहल निवडली तीच मुळी जेवणासाठी.

आपल्या माहितीपत्रकात ‘सहा रात्री स्थानिक तावेर्नांमध्ये शाकाहारी भोजन’ असे स्पष्ट छापलेले आहे, आणि तावेर्ना म्हणजे तिथली घरगुती खानावळ असा खुलासाही केलेला आहे. भूमध्यसागरी आहारपद्धतीला 2010 साली युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळाल्याचा उल्लेखही त्यात ठळक अक्षरांत आहे. या भोजनासाठी आपण माणशी 180 युरो वेगळे आकारले. प्रत्यक्षात सहापैकी पाच रात्री जेवण ठेवले होते ते हानिया शहराबाहेरच्या एकाच भारतीय उपाहारगृहात, आणि तिथे रोज पनीर, पिवळी डाळ, जिरा भात व गुलाबजाम एवढेच असे. उरलेल्या एका रात्री आम्हाला जुन्या व्हेनेशियन बंदरावरील, दारात उभे राहून गिऱ्हाइकांना बोलावणाऱ्या एका रेस्टॉरंटमध्ये नेण्यात आले, जिथे शाकाहारी मंडळींच्या वाट्याला काकडी-टोमॅटो आणि तळलेले बटाटे आले. तिथे मासा किलोच्या भावाने लावतात आणि तो आधी समोर वजन करून घ्यायचा असतो, हे कोणी न सांगितल्यामुळे आमच्या एका सहप्रवासी दांपत्याला दोन माशांचे 94 युरो भरावे लागले, तेही येथे नोंदवते.

याबद्दल विचारणा केली असता आपल्या टूर मॅनेजरने, ‘या बेटावर शाकाहारी माणसाला सॅलडशिवाय काही मिळत नाही, तुमच्या सोयीसाठीच भारतीय जेवण ठेवले आहे,’ असे उत्तर दिले. हे विधान सर्वस्वी चुकीचे आहे आणि माझ्या तक्रारीचा गाभा तोच आहे. आम्ही गेलो तेव्हा ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा ईस्टरपूर्वीचा मोठा उपवास चालू होता. त्यांचा ईस्टर यंदा 20 एप्रिलला होता. या काळात उपवास पाळणारी माणसे मांस, अंडी, दूध आणि बहुतेक दिवस मासेही वर्ज्य करतात. माकुल-कोळंबी त्यांना चालते, एवढे विचारून घ्यावे लागते. पण बाकीचे ताट भाज्या, डाळी आणि कडधान्ये यांचेच असते. म्हणजे शाकाहारी प्रवाशाला वर्षभरात याहून सोयीचे दिवस क्वचितच सापडले असते.

पाचव्या संध्याकाळी आम्ही बस सोडून हानियाच्या स्प्लांझिया भागात गेलो. घंटाघर आणि मिनार दोन्ही असलेल्या संत निकोलसच्या चर्चमागच्या गल्लीत एक लहान तावेर्ना होती. भाषेची अडचण पाहून मालकीणबाईंनी आम्हाला सरळ स्वयंपाकघरात नेले आणि पातेल्यांवरची झाकणे काढून दाखवली. आम्ही घेतले ते असे : रानभाज्या नुसत्या उकडून वर ऑलिव्ह तेल आणि लिंबू घातलेली ‘होर्ता’, पिवळ्या वाटाण्याच्या डाळीची, वर कच्चा कांदा घातलेली ‘फावा’, जी सासूबाईंना थेट बिनफोडणीच्या घट्ट वरणासारखी लागली, भात आणि पुदिना भरून भाजलेले टोमॅटो व ढोबळी मिरची, म्हणजे ‘गेमिस्ता’, आणि ‘दाकोस’, म्हणजे जवाच्या कडक भाजलेल्या पावावर किसलेला टोमॅटो व मिझिथ्रा हे ताजे चीज. चीज उपवासाचे नाही, पण आम्हाला ते चालत होते. त्या कडक पावाला तेल आणि टोमॅटोचा रस मुरला की तो मऊ होतो, आणि दात अधू असूनही सासूबाईंनी तो पुन्हा मागून घेतला. शेवटी फळे न मागता आली, त्यांचे पैसे लावले नाहीत. तिघांचे बिल 43 युरो झाले. त्या रात्री सासूबाईंनी विचारले, ‘हे सगळं इथं होतं, तर मग आपल्याला रोज तिकडे का नेलं?’ हाच प्रश्न मी आपणांस विचारत आहे.

वयस्कर प्रवाशांना ओळखीचे अन्न हवे असते हे मला मान्य आहे. ज्यांना ते हवे त्यांच्यासाठी एक-दोन रात्री तशी सोय ठेवावी, परंतु तसे आधी लेखी कळवावे आणि स्थानिक भोजनाचे पैसे घेऊन त्याऐवजी भारतीय जेवण देऊ नये.

कबूल केलेली सेवा न देणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार सेवेतील त्रुटी ठरते. त्यामुळे आम्हा तिघांचे भोजनापोटी घेतलेले 540 युरो आपण 30 दिवसांच्या आत परत करावेत आणि माहितीपत्रकातील मजकूर दुरुस्त करावा. मुदतीत उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. भरणा पावती, माहितीपत्रकाचे पान आणि स्प्लांझियातील तावेर्नाच्या बिलाची प्रत सोबत जोडली आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
क्रीट सहलीतील एक प्रवासी
पुणे, 28 एप्रिल 2025