सदस्यत्व मिळायला एकोणचाळीस वर्षे

संपादक महोदय,
शरीरक्रियाशास्त्राला वाहिलेली ब्रिटनमधील फिजिऑलॉजिकल सोसायटी १८७६ साली लंडनमध्ये सुरू झाली. प्राण्यांवरील प्रयोगांवरून तेव्हा तिथे रान उठले होते; त्याच वर्षी कायदाही झाला. हे बहुतेकांना ठाऊक असते. मला मात्र वेगळीच गोष्ट टोचते. स्त्रियांना सदस्यत्व मिळायला १९१५ साल उजाडावे लागले! फ्लॉरेन्स ब्युकॅनन त्याआधी कित्येक वर्षे ऑक्सफर्डमध्ये केशनलिकेतल्या (केसासारख्या बारीक नळीतल्या) पाऱ्याची बारीकशी हालचाल टिपून स्नायूंतली वीज मोजत होत्या. किती चिकाटीचे काम ते! शरीरक्रियाशास्त्र शिकवणाऱ्यांनी हार्वे, स्टार्लिंग या नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञांबरोबर ब्युकॅनन यांचेही नाव वर्गात घ्यावे, ही कळकळीची विनंती.
– एक वाचक